पत्र्याच्या पलीकडचा हात

गाडी चार्जिंगला लावून मालक पाय मोकळे करायला गेला आणि परत येऊन बघतो तर मशीन बंद. पडद्यावर लाल पट्टी, गाडी अर्धीमुर्धी भरलेली आणि जाडजूड केबल गाडीत तशीच अडकलेली. त्याने धाकट्याच्या खोलीचं दार वाजवलं आणि चार शब्द सुनावले. त्यातले दोन इथे लिहिण्यासारखे नाहीत. धाकट्याने माफी मागितली. मशीन एकदा-दोनदा ऐकेना, मग मुकाट्याने चालू झालं. गाडीवाला वळल्यावर धाकट्याने खिडकीतून पत्र्याच्या भिंतीकडे बघत दातओठ खाल्ले.

"आज पुन्हा," तो म्हणाला. ऐकायला खोलीत पंख्याशिवाय कुणी नव्हतं.

धाकटा म्हणजे दोन भावांतला धाकटा. वय चाळिशीला टेकलं होतं, कपाळावरून केस मागे सरकायला लागले होते, पण त्या रस्त्यावर त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. मोठ्याला सगळे दादा म्हणत, अगदी दादापेक्षा वयाने मोठी माणसंही. हमरस्त्याला लागून त्यांच्या वडिलांनी उभा केलेला पेट्रोल पंप होता. दोघं पोरं त्या वासातच वाढली. टँकर आला की दादा टाकीच्या तोंडाशी आणि धाकटा मेन स्विचपाशी, अशी वडिलांनी नेमून दिलेली कामं होती. शाळेत कुणी विचारलं की धाकटा ऐटीत सांगायचा, "पंपाची लाइट माझ्या ताब्यात असते."

वडील गेले आणि आवाराची वाटणी झाली. टाक्या आणि पेट्रोलची मशीनं दादाकडे गेली. उरलेली मोकळी जागा, जिथे पूर्वी ट्रक मुक्कामाला थांबत, ती धाकट्याला मिळाली. धाकटा तेव्हा एका कारखान्यात वीजविभाग सांभाळायचा. त्याने ती नोकरी सोडली आणि त्या जागेवर विजेच्या गाड्यांसाठी जलद चार्जिंगचं स्टेशन काढायचं ठरवलं. मशीनं कंपनीची, जागा आणि कष्ट याचे. ट्रान्सफॉर्मर बसवायचा, तर त्याच्या पायासाठी खणताना खडक लागला. मनगटाएवढ्या केबली चरातून ओढताना माणसांचे हात सोलून निघाले. पण मशीनं उभी राहिली. घरच्या प्लगवर जी गाडी रात्रभर वीज पीत बसायची, ती इथे मालकाचा चहा आणि वर्तमानपत्र संपेपर्यंत तयार व्हायची.

फक्त अजून सगळं कच्चं होतं. कंपनीने मशीनं चाचणीपुरती दिली होती. शेवटच्या तपासणीत सगळ्या मशीनांना एकदम गाड्या लावायच्या आणि तासभर एकही मशीन मध्ये थांबता कामा नये, अशी अट होती. थांबलं, तर कंपनी मशीनं उचलून पुढच्या वळणावरच्या जागेत नेणार होती. तिथला मालक कधीचा कंपनीच्या मागे लागला होता. नोकरी तर गेलीच होती, आता स्टेशनही गेलं असतं आणि धाकट्याच्या वाट्याला तुळतुळीत काँक्रीटचा एक ओटा उरला असता.

आणि नेमकं मशीन थांबत होतं. रोज नाही. आठवड्यातून एखादवेळी, कधी सकाळी उन्हं वर आल्यावर, कधी भर दुपारी. धाकट्याने आधी मशीनवर संशय घेतला, मग वीज पुरवणाऱ्यांवर, मग जमिनीत पुरलेल्या अर्थिंगवर. सगळं उघडून पाहिलं. शेवटी कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, "साहेब, मशीन धडधाकट आहे. तुमच्याकडे कुणीतरी लाल बटण दाबतंय."

लाल बटण म्हणजे आणीबाणीचं बटण. आग लागली, कुणाला शॉक बसला, तर ते दाबायचं, की सगळी मशीनं जागच्या जागी थांबतात. पत्र्याच्या भिंतीच्या टोकाला, जिथे दोन्ही बाजूंना जायला फट ठेवली होती, तिथल्या खांबावर ते होतं. ते दाबलं की दाबलेलंच राहतं आणि फिरवून मोकळं करावं लागतं. त्यानंतरही मशीन आपणहून उठत नाही, खोलीतून चालू करावं लागतं. म्हणजे कुणीतरी येत होतं, बटण दाबत होतं, थोड्या वेळाने पुन्हा येऊन ते मोकळंही करत होतं. धाकट्याच्या मनात पाल चुकचुकली. आगाऊ पोराचं काम असतं तर ते बटण दाबून पळालं असतं. पुन्हा येऊन सोडवायला डोकं थंड लागतं. पुरावा मागे राहू नये म्हणून कुणी पक्का माणूसच एवढी तसदी घेतो.

पक्का माणूस म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा आला, आणि खरं सांगायचं तर तो आधीपासूनच तिथे येऊन बसला होता.

त्याचं असं झालं होतं. नकाशा मंजूर होऊन आला तेव्हा दादा म्हणाला होता, "मशीनं त्या पलीकडच्या टोकाला ने. इकडे माझ्या टाक्या आहेत."

"त्या टोकाला कचरा पडतो. रस्त्यावरून दिसणारसुद्धा नाही."

"दिसायला काय, पाटी लाव मोठी."

"अंतर मोजूनच मंजुरी मिळालीय, दादा."

"कागदावर असेल अंतर. उतार बघ की. टाकीकडून सगळं तुझ्याकडेच उतरतं."

उतार धाकट्याने लहानपणापासून पाहिला होता, त्यावरून चाकाची गाडी सोडली होती. पण त्याला दादाच्या बोलण्यात उतार दिसला नाही, पोटदुखी दिसली. पेट्रोलवाल्याच्या अंगणात विजेच्या गाड्या येणार म्हटल्यावर नाकाला मिरच्या झोंबणारच. तसं त्याने तोंडावर बोलून दाखवलं. दादा काही न बोलता उठून गेला. तो बोलला असता तर बरं झालं असतं, पण त्या घरात न बोलण्याची कला वडिलांकडून दोघांनाही सारखी मिळाली होती. पुढच्याच आठवड्यात धाकट्याने आवाराच्या मधोमध पत्र्याची उंच भिंत घालून टाकली. नकाशात ती नव्हती. मंजुरीनंतर रागाच्या भरात घातलेल्या भिंती कुणाच्याच नकाशात नसतात.

तेव्हापासून अबोला. घर मात्र एकच होतं, दादा खाली आणि धाकटा वर. धाकट्याने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे जेवण वहिनीच्या हातचं. तेवढ्यापुरती ती दोन देशांमधली वकील झाली होती. पण एकदा ताट वाढताना ती म्हणाली, "भावोजी, ह्यांचा निरोप आहे. टँकरच्या वेळेला तुमच्या त्या..."

धाकट्याचा घास हातातच राहिला. आला का टँकरचा बहाणा, तुमच्या गाड्या आडव्या येतात म्हणायचं असेल. "वहिनी, त्याचा निरोप आणलात तर मी ताटावरून उठेन."

"अहो, पण ऐकून तर..."

तो खरोखरच उठला. वहिनीने अर्धं ताट झाकून ठेवलं आणि त्यानंतर निरोप आणला नाही. तिलाही मान होता.

आता बटणाचं कळल्यावर धाकट्याने मशीनांच्या छपराखाली कॅमेरा बसवला, कुणाला न सांगता. पत्र्यापलीकडे दिवसभर ट्रकची, मोटारींची घरघर चालू असायची. त्यातली कुठली कशाची हे ऐकायचं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. तो आपला पडदा बघत बसे. आणि एका दुपारी तो कंपनीच्या माणसाशी फोनवर हुज्जत घालत खोलीमागे फेऱ्या मारत असताना मशीन थांबलं. त्याने धावत येऊन मागचं चित्र लावलं.

दादाच होता.

पांढरा सदरा, बाह्या दुमडलेल्या, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. फटीतून आला, इकडेतिकडे बघितलं, तळव्याने बटण दाबलं. लाल पट्टी आली. इथपर्यंत धाकट्याला धक्का बसला नाही. उलट आपलं बरोबर निघालं याचं एक कडवट समाधान वाटलं. पण पुढे दादाने एक विचित्र गोष्ट केली. त्याने उजवा हात सरळ डोक्याच्या वर उचलला, क्षणभर तसाच धरला आणि मग वळून निघून गेला.

धाकट्याने ते चित्र पुन्हा लावलं. हात वर, क्षणभर थांबला, खाली. तो कुणाला तरी खूण करत होता. काम फत्ते, असंच कुणाला तरी कळवत होता. म्हणजे यात दादा एकटा नव्हता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ हे त्याला माहीत होतं, पण इथे दांड्याला जोडीदारही मिळाला होता.

हात वर करताना त्याचं तोंड खोलीकडे होतं. खोलीच्या खिडकीखाली रखवालदाराची खुर्ची असायची. मिशा भरघोस असल्याने त्याला सगळे मिशाळ म्हणत. धाकट्याने त्याला आत बोलावलं, दार लावलं.

"दुपारी दादा तुला कसली खूण करतो?"

"मला?" मिशाळ गोंधळला. "साहेब, दुपारी मी झोपलेलो असतो." मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे, डोळे मिटलेले असतात."

"मग तो हात कुणाला करतो?"

"मला काय ठाऊक! तुमचा भाऊ, तुमचं आवार. मी आपला खुर्चीपुरता."

धाकट्याने त्याची खुर्ची फाटकाजवळ, उन्हात हलवली. मिशाळने ती उचलताना असा चेहरा केला, की खरा चोर असता तर इतका छान चेहरा त्याला जमला नसता. पण संशय एकदा घरात घुसला की तो जेवायलाही घरचंच मागतो. मिशाळ नसेल तर वहिनी? ती दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालते, तिथून इकडचं सगळं दिसतं. धाकटा दोन दिवस वर ताट मागवून जेवला, आणि भाजीत मीठ कमी लागलं त्याचाही त्याने वेगळा अर्थ लावला.

वळणावरच्या त्या जागामालकाने दादाला आत घेतलं असणार, हा शेवटचा विचार त्याला एका सकाळी दाढी करताना सुचला आणि सगळं चपखल बसलं. मशीनं इथून उठली की दादाच्या पंपाशेजारची वीज जाणार आणि वळणावरच्याला मशीनं मिळणार. सुंठीवाचून खोकला गेला! त्या विचाराने त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. वडिलांच्या आजारपणात दोघांनी आळीपाळीने उशाशी बसून काढलेले दिवस त्याला आठवले. मग त्याने तोंड धुतलं आणि तपासणीच्या दिवसाची तयारी केली.

तयारी अशी की भल्या सकाळी, मिशाळ यायच्या आधी, त्याने लाल बटणाच्या डबीचं झाकण काढलं आणि आतल्या दोन स्क्रूंच्या मध्ये वायरचा एक छोटा तुकडा जोडला. आता कुणी कितीही बटण दाबलं तरी मशीनला ते कळणार नव्हतं. हे काय आहे हे त्याला पुरेपूर माहीत होतं. कारखान्यात असताना असाच तुकडा जोडणाऱ्या एका कामगाराला त्याने उभ्याउभ्या घरी पाठवलं होतं. पण तो कामगार आळशी होता आणि आपण नाइलाजाने करतोय, तेही तासाभरापुरतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. काट्याने काटा काढायचा, मग दोन्ही काटे फेकून द्यायचे.

तपासणीला एक बाई आल्या. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात जाड बूट, आवाज कोरडा. त्यांच्यासोबत कंपनीच्या गाड्या आल्या आणि एकेका मशीनला लागल्या. मशीनांतले पंखे घुमायला लागले, पडद्यावरचे आकडे चढायला लागले. बाईंनी केबली चाचपल्या, ट्रान्सफॉर्मरभोवती एक चक्कर मारली आणि खोलीत येऊन बसल्या.

"मधेमधे बंद पडल्याच्या नोंदी आहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्या आणीबाणीच्या बटणाच्या. कारण सापडलं?"

"सापडलं," धाकटा म्हणाला. याच प्रश्नाची तो वाट बघत होता. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? हे बघा."

त्याने कॅमेऱ्याचं चित्र लावलं. पांढरा सदरा, किल्ल्या, तळवा, लाल पट्टी. वर केलेला हात.

"कोण हे?"

"माझा सख्खा भाऊ." हे म्हणताना त्याचा आवाज थोडा चिरकला. "पलीकडचा पंप त्याचा. माझं स्टेशन उठावं म्हणून करतोय."

बाईंनी ते पुन्हा बघितलं. "हात कुणाला करताहेत?"

"कुणीतरी साथीदार असणार."

"बटण दाबायला साथीदार कशाला लागतो?"

धाकट्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात शेजारच्या पडद्यावर, जिथे आत्ताचं चित्र दिसत होतं, दादा फटीतून आत आला. तोच सदरा, त्याच किल्ल्या. आला तो सरळ खांबाकडे आणि त्याने बटण दाबलं.

मशीनं चालूच राहिली.

"बघा!" धाकटा खुर्चीतून अर्धा उठला. "आता दाब म्हणावं!"

दादाने गाड्यांकडे बघितलं. पुन्हा बटण दाबलं, मग तळव्याने थापट मारली. पंखे घुमतच होते. धाकट्याला हसू आवरेना.

"मशीन थांबलं कसं नाही?" बाईंनी विचारलं.

हसू जागच्या जागी आटलं.

"बटण दाबलेलं दिसतंय मला," बाई म्हणाल्या. "मशीन का नाही थांबलं?"

 पडद्यावर दादा आता खोलीकडे बघत होता. मिशाळची रिकामी जागा नाही, गच्ची नाही, सरळ खोलीची खिडकी. या वेळी त्याने हात वर केला नाही. त्याने दोन्ही हात छातीसमोर जोरजोरात हलवले, नाही, नाही, नाही, आणि मग तो पळाला. पन्नाशीकडे झुकलेला, गुडघे धरणारा दादा पत्र्यापलीकडे धावत गेला.

दादाला असं पळताना धाकट्याने खूप वर्षांपूर्वी एकदाच पाहिलं होतं. टँकर उतरवताना एका गिऱ्हाइकाने सिगारेट पेटवली होती तेव्हा.

आणि मग सगळं एकदम आठवलं. वडील ओट्यावर उभे. टँकर आला की सगळं बंद. दिवे, पंखे, रेडिओ, चहाची शेगडी, सगळं. पेट्रोल टाकीत पडताना आतली वाफ बाहेर येते, डोळ्यांना दिसत नाही, हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत उताराला जाते. धाकटा मेन स्विच खाली ओढायचा आणि हात उंच करायचा, बंद झालं अशी खूण. टाकीच्या तोंडाशी दादा तो हात बघायचा, आपला हात वर करायचा, आणि मगच टँकरचा व्हॉल्व्ह उघडायचा. ओरडायचं नाही, रस्त्याच्या आवाजात ओरडण्याचा भरवसा नाही, असं वडील म्हणायचे. ते काम धाकट्याचं होतं. जगात फक्त त्याचंच होतं.

उतार टाकीकडून इकडे. आणि त्या उताराच्या मधोमध, वारा अडवून, वाफ कोंडून धरायला त्याने स्वतः उभी केलेली पत्र्याची भिंत.

"बाई, बाहेर व्हा, गाड्यांपासून लांब," तो म्हणाला आणि धावत सुटला. मेन पॅनेलचं दार उघडून त्याने मोठा स्विच दोन्ही हातांनी खाली ओढला. आत धाडकन आवाज झाला. पंखे फिरत फिरत थांबले आणि सगळ्या आवारात एकदम शांतता पसरली. तपासणी संपली होती. ते त्याला त्याच क्षणी कळलं, पण पाय थांबले नाहीत.

पत्र्यापलीकडे टँकर उभा होता. जाड पाइप टाकीच्या तोंडाला जोडलेला होता, आणि दादा ड्रायव्हरचा हात व्हॉल्व्हवरून दूर ढकलत होता.

"उघडू नकोस म्हणतो ना! पलीकडे चालू आहे!"

"अहो, दर वेळी तर जाऊन येता आणि उघड म्हणता," ड्रायव्हर कुरकुरला. "मला अजून पुढे दुसऱ्या पंपावर जायचंय."

"परत ने टँकर. आज नाही उतरवायचा."

"परत? पंप कोरडा पडेल तुमचा!"

"पडू दे."

मग दादाला धाकटा दिसला. दोघंही धापा टाकत होते. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच ते एवढ्या जवळ उभे होते.

"बंद केलं," धाकटा म्हणाला. "मेन ओढला."

दादाने टाकीच्या तोंडावरचा पाइप आधी सोडवला, झाकण घट्ट लावलं आणि मगच मान वर केली. "बटणाला काय झालंय?"

धाकट्याने खाली बघितलं. उत्तर मागून आलं. बाई खांबापाशी उभ्या होत्या, डबीचं झाकण उघडलेलं होतं, आणि त्यांच्या दोन बोटांत वायरचा तो तुकडा होता.

"हे तुम्ही बसवलंत?"

"हो."

"आणि ही भिंत? मंजूर नकाशात मला दिसली नव्हती."

"नव्हतीच. मी नंतर घातली."

बाईंनी तुकडा त्याच्या तळव्यावर ठेवला. त्या रागावल्या नाहीत, आणि त्यामुळे त्याला जास्तच लाज वाटली. "तपासणी नापास," त्या म्हणाल्या. "मी जे पाहिलं ते सगळं कळवणार आहे. भिंत काढा, मशीनं टाक्यांपासून लांब, त्या टोकाला न्या आणि मग बोलवा. बोलावलंत तर मी येईन. पण कंपनी तोपर्यंत थांबेल का, ते माझ्या हातात नाही." जाताना त्या दादाकडे वळल्या. "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," दादा म्हणाला. "नकाशाच्या वेळी. मग आमच्या हिच्या हाती निरोपही पाठवला. ऐकलं नाही तर काय पाया पडू?" तोही काही कमी नव्हता. निरोप परत आला तेव्हा चार पावलं चालून यायला त्यालाही जड गेलं होतं.

बाई गेल्या. कंपनीच्या गाड्या एकामागून एक फाटकाबाहेर पडल्या. मिशाळ उन्हातल्या खुर्चीवरून हे सगळं बघत होता, आणि पहिल्यांदाच त्याचे डोळे सताड उघडे होते.

धाकट्याच्या मुठीत वायरचा तुकडा होता. विचारू नये असं वाटत असूनही त्याने विचारलं, "दादा, बटण दाबून तू हात वर करायचास. कुणाला?"

दादाने त्याच्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्न विचारणारा माणूस दुसऱ्याच कुणाच्या घरातला असावा. "कुणाला म्हणजे? तुला. तू त्या खोलीत बसतोस ना?"

धाकट्याने खोलीच्या खिडकीकडे बघितलं.

"टँकर उतरला की मी बटण सोडवायचो," दादा म्हणाला. "की लगेच तुझी मशीनं चालू व्हायची. म्हटलं, बघतोय. बोलत नसेल, पण माझा हात बघतोय."

 धाकट्याने तोंड फिरवलं. पत्र्याच्या भिंतीवर ऊन पडलं होतं, आणि त्याने स्वतः आवळलेले बोल्ट ओळीने चमकत होते.

"काय करायचं मग?" ड्रायव्हरने टँकरच्या पायरीवरून विचारलं. "उतरवायचा का जाऊ?"

"थांब जरा," धाकटा म्हणाला.

तो खोलीत गेला आणि पाना घेऊन आला. घट्ट आवळलेला पहिला बोल्ट हलेना, दादाने येऊन पत्रा दाबून धरला तेव्हा तो सुटला. दोघांनी मिळून एक पत्रा काढला, मग शेजारचा. वाऱ्याची एक झुळूक आवारातून सरळ आरपार गेली. पहिल्या पत्र्याची कड धाकट्याच्या हाताला लागून थोडं रक्त आलं, ते त्याने पँटला पुसलं.

"पुरे," दादा म्हणाला. "एवढ्यातून दिसतं."

तो जाऊन टाकीच्या तोंडाला पाइप पुन्हा जोडून तिथेच उभा राहिला. धाकटा पॅनेलपाशी गेला. स्विच खाली आहे हे माहीत असूनही त्याने तो एकदा हात लावून बघितला. मग मोकळ्या झालेल्या जागेसमोर येऊन त्याने उजवा हात सरळ डोक्याच्या वर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

पलीकडून दादाने तो नीट बघितला, आणि आपला हात वर केला.